आल्याची नोंद

जून महिना लागला की आमच्या वरवट बकालसारख्या गावी विद्यार्थ्यांच्या हातात एक विशिष्ट कागद दिसू लागतो. त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का असतो, खाली ‘खरी नक्कल’ असे शब्द असतात आणि मधोमध चार-पाच रकान्यांत कुणाच्या तरी आजोबांच्या किंवा पणजोबांच्या जन्माची अथवा मृत्यूची एक ओळ असते. आमच्याकडे याला कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण मेले याची वर्दी कोतवालाने द्यायची आणि ती वहीत उतरायची, ही वऱ्हाडातली जुनी रीत. ज्या काळी ही वही लिहिली गेली त्या काळी तिचा उपयोग साथीचे रोग आणि गावाची लोकसंख्या यांच्यावर नजर ठेवण्यापुरता होता. आज तिच्यावर विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून असते. जातवैधता प्रमाणपत्र मिळवायचे तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींतल्या विद्यार्थ्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून मिळणार? मग कोतवाल बुक.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. मोडी थोडीफार वाचता येते, एवढ्या भांडवलावर ही मुले आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीच्या पणजोबांचे नाव वहीत सापडत नव्हते. घरात सगळे त्यांना तुळशीराम म्हणत. वहीत तुळशीराम नावाचा माणूस जन्मलाही नव्हता आणि मेलाही नव्हता. ज्या कार्यालयात ती खेटे घालत होती तिथे तिला ‘नोंद आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर मिळाले. हे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात कर्ता नाही. कुणी शोधले, किती शोधले, कोणत्या नावाने शोधले, यांपैकी काहीच त्या वाक्यातून कळत नाही. पण त्या वाक्याचा परिणाम मात्र त्या मुलीलाच भोगावा लागला. त्या वर्षीची तिची जागा गेली.

याच सुमारास आमची एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेहून फोनवर बोलताना जे म्हणाली, ते ऐकून आम्ही चपापलो. ती म्हणाली, “सर, मी इथे आलेच नाही म्हणतात.”

आल्याची नोंद आणि ती हरवणे, या विषयाकडे आम्ही वळलो ते या दोन प्रसंगांमुळे. एक प्रसंग शेतशिवाराच्या गावातला, दुसरा सातासमुद्रापलीकडचा. पण दोन्हींमागे एकच प्रश्न उभा आहे : माणूस समोर उभा असताना वही ‘तो नाही’ म्हणत असेल, तर खोटे कोण ठरवायचे?

आधी अमेरिकेतला प्रकार समजून घेऊ. त्या देशात परदेशी प्रवासी उतरला की त्याच्या आगमनाची नोंद होते. तिला आय-९४ म्हणतात. कोणत्या तारखेला आला, कोणत्या परवान्यावर आला, किती दिवस राहू शकतो, हे त्या नोंदीत असते. पूर्वी ती पांढऱ्या जाड कागदाची चिठ्ठी असे. विमानातच प्रवासी ती स्वतःच्या हाताने भरत आणि अधिकारी तिचा एक तुकडा पारपत्रात टाचून देत असे. २०१३ सालापासून विमानतळांवर आणि बंदरांवर ही चिठ्ठी बंद झाली आणि नोंद थेट संगणकात जाऊ लागली. प्रवाशाने नंतर संकेतस्थळावर आपले नाव, जन्मतारीख आणि पारपत्राचा क्रमांक टाकून ती पाहायची. वाहन परवाना, नोकरी, पुढच्या परवानगीचा अर्ज, सगळीकडे ती मागतात. आमच्या विद्यार्थिनीने सगळे तपशील बरोबर टाकले आणि उत्तर आले की अशी नोंद नाही.

चूक नावाच्या जागेत होती. आपल्याकडे माणसाचे नाव तीन पदांचे : स्वतःचे, वडिलांचे अथवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पारपत्रात मात्र दोनच रकाने, एक दिलेल्या नावाचा आणि एक आडनावाचा. हिचे पारपत्र काढताना तिन्ही पदे पहिल्याच रकान्यात गेली आणि आडनावाचा रकाना कोरा राहिला. अमेरिकेच्या व्हिसाला आडनाव लागतेच. म्हणून तिथे तिचे सबंध नाव आडनावाच्या जागी सरकले आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या नावाच्या जागी तीन अक्षरे उमटली : एफएनयू. त्यांचा अर्थ ‘पहिले नाव अज्ञात’. जिला आम्ही तीन वर्षे हजेरीत नावाने हाक मारली, तिचे नाव एका मोठ्या देशाच्या दफ्तरी अज्ञात म्हणून लागले होते. ती स्वतःच्या नावाने स्वतःला शोधत होती, म्हणून सापडत नव्हती. ‘अज्ञात’ म्हणून शोधल्याबरोबर सापडली.

अशा वेळी करायच्या गोष्टी तेव्हा आम्हालाही कळल्या. नाव पारपत्रावर आहे तसे, मग व्हिसावर आहे तसे घालून पाहायचे. पहिले आणि मधले नाव जोडून पाहायचे. नाव-आडनावाची अदलाबदल करायची. व्हिसा जुन्या पारपत्रात असेल तर जुना क्रमांकही टाकून पाहायचा. एवढ्यानेही नोंद मिळाली नाही तर विमानतळांशी संलग्न असलेल्या तपासणी कार्यालयात पारपत्रावरचा आगमनाचा शिक्का, विमानाचे तिकीट घेऊन जायचे आणि दुरुस्ती मागायची. थोडक्यात, वहीतली चूक शोधण्याचे काम वहीबाहेरच्या माणसाने करायचे. हा नियम अमेरिकेचा म्हणून सांगितला; पण तो मराठी माणसाच्या वाट्याला याहून फार आधी आला होता. त्यासाठी आपल्याला दीड-पावणेदोन शतके मागे आणि हिंदी महासागर ओलांडून मॉरिशसला जावे लागेल.

मॉरिशस बेट १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतले. तिथले उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १ फेब्रुवारी १८३५ पासून त्या बेटावर गुलामगिरी संपली. मळे चालू राहिले पाहिजेत आणि मजूर स्वस्त मिळाला पाहिजे, या निकडीतून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. करार म्हणजे इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’. मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. त्या दिवसाची आठवण मॉरिशस आजही सार्वजनिक सुट्टीने पाळतो. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. सर्वाधिक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून आणि सर्वांत कमी मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी बोलणारे लोक बरेच होते.

बंदराला लागलेल्या माणसाचे प्रथम काय होत असे? पोर्ट लुईच्या किनाऱ्यावर दगडी पायऱ्या आहेत, सोळा. त्या चढून गेले की मजुरांचे आवार. १८४९ मध्ये तिथे बांधकाम झाले. पुढे लोक त्याला कुली घाट म्हणू लागले. आज त्याचे नाव आप्रवासी घाट असून २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इथे मजुराला एक क्रमांक मिळे. तो क्रमांक आणि त्याच्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाजाचे नाव, आल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवले, असे तपशील नोंदवहीत उतरत. सुरुवातीच्या वर्षांत ते तुटपुंजे, नंतर अधिक भरघोस. या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहेत. मॉरिशसच्या करारबद्ध मजुरांची ही दफ्तरे २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदपटातही गेली.

एवढी मोठी, एवढी शिस्तबद्ध वही असताना नोंद हरवेल कशी? इथेच मेख आहे. सांगणारा मराठी होता, लिहिणारा नव्हता. लिहिणाऱ्याच्या कानाला इंग्रजी वा फ्रेंच वळण होते. ‘ठ’ आणि ‘ट’, ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांत त्याला फरक ऐकू येत नव्हता आणि आला तरी लिहायला अक्षर नव्हते. विठ्ठल, विठू, विठोबा ही तीन माणसे की एकाच माणसाला आई, गाव आणि सोबती यांनी मारलेल्या तीन हाका, हे त्याला कळणे शक्य नव्हते. शिवाय त्या काळचा कष्टकरी माणूस आपले नाव सांगताना आडनाव सांगेलच असे नाही. गावात त्याची गरज पडत नसे. पाटलाला, कुळकर्ण्याला तो ठाऊकच असे. परिणामी त्याचे एकपदी नाव, नाहीतर बापाचे नाव, पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले. आज मॉरिशसमधल्या पुष्कळ मराठी घरांची आडनावे ही वास्तविक कुणा पूर्वजाची पाळण्यातली नावे आहेत. मूळ आडनाव समुद्रात पडले असे आपण हळहळून म्हणतो; पण ते पडले नोंदवहीच्या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत.

नावासारखीच गत गावाची. लिहिणाऱ्याने गावाचे नाव जसे ऐकले तसे लिहिले आणि कित्येकदा लिहिलेही नाही. पण जहाज कोणत्या बंदरातून आले हे मात्र पक्के ठाऊक असे. त्यामुळे माणसाची ओळख गावावरून न होता बंदरावरून होऊ लागली. मॉरिशसच्या क्रेओल बोलीत मराठी माणसाला ‘बोंबाय’ म्हणत आले आहेत. ज्याने आयुष्यात मुंबई पाहिली ती बंदराच्या आवारात जहाजाची वाट पाहत असताना तेवढीच, तो पिढ्यान्पिढ्या मुंबईकर ठरला. आमच्या वऱ्हाडातला मुलगा पुण्यात नोकरीला गेला की त्याला ‘नागपूरकडचा’ म्हणून मोकळे होतात, तेव्हा त्याला जो राग येतो त्याची आम्हाला इथे आठवण झाली.

वहीत चूक झाली तर बिघडले कुठे, माणूस तर मळ्यावर काम करतोच आहे, असे कुणी म्हणेल. बिघडे ते असे. कराराची वर्षे संपली की मजूर ‘जुना आप्रवासी’ होई. तो मोकळा होता. निदान कागदावर होता. पण मोकळेपणा सिद्ध करणारा कागद त्याने सतत जवळ बाळगावा अशी सक्ती होती. १८६७ च्या कायद्याने ती अधिक जाचक झाली. त्या चिठ्ठीवर त्याचा क्रमांक आणि छायाचित्र असे. चिठ्ठी जवळ नसेल, हरवली असेल, तिच्यावरचा तपशील वहीशी जुळत नसेल, तर पोलीस त्याला भटका म्हणून धरत. नवी चिठ्ठी हवी तर पैसे भरून, शहरात खेटे घालून, आपण आपणच आहोत हे पटवून द्यावे लागे. वही सरकारची, चूक कारकुनाची, कैद मजुराची.

याविरुद्ध १८७१ मध्ये एक अर्ज झाला. अॅडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या मळेवाल्याने पुढाकार घेतला आणि ९,४०१ जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नरापुढे गाऱ्हाणे मांडले. द प्लेविट्झ गोरा होता आणि इतर मळेवाल्यांनी त्याचा छळ मांडला, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अर्जाचा परिणाम असा की इंग्लंडहून चौकशी आयोग आला. १८७२ पासून त्याने काम केले आणि १८७५ मध्ये अहवाल दिला. त्यात मजुरांच्या तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरल्या. आम्हाला यात महत्त्वाची वाटते ती त्या ९,४०१ जणांची कृती. ज्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांची नावे दुसऱ्यांनी हवी तशी लिहिली होती, त्यांनी स्वतःहून आपले नाव एका कागदाला लावले. तोवर त्यांच्याविषयी लिहिले जात होते. या अर्जात ते स्वतःविषयी बोलले.

आता आजच्या काळात येऊ. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या होत्या. त्या वेळी भारत सरकारने भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांसाठी परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डाची पात्रता सातव्या पिढीपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. एरवी ही मर्यादा पणतू-पणतीपर्यंत असते. घोषणा मोठ्या मनाची खरी. पण सातव्या पिढीला पहिल्या पिढीचा कागद दाखवावा लागणार. म्हणजे पोर्ट लुईच्या पायऱ्या चढलेल्या त्या एका माणसाची ओळ पुन्हा सापडली पाहिजे. दीडशे वर्षे धूळ खात पडलेल्या नोंदीला अचानक किंमत आली. कोतवाल बुकासारखीच.

ती ओळ शोधण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ती वापरून आम्ही इथे गावात एक काम केले. मॉरिशसमधले जाणकार नावाच्या मागे लागत नाहीत. नाव हा सर्वांत दगाबाज पुरावा. ते आधी क्रमांक शोधतात. मजुराच्या मुलामुलींच्या जन्माच्या, लग्नाच्या दाखल्यांत आईबापांचा आप्रवासी क्रमांक पुष्कळदा लिहिलेला असतो. तो हाती आला की नोंदवहीत थेट त्या ओळीवर जाता येते, मग तिथे नाव काहीही लिहिलेले असो. क्रमांक नसेल तर जहाज आणि साल. जहाज कळले की त्याच जहाजावरचे सोबती पाहायचे. कारण एका गावची, एका भावकीची माणसे बरेचदा बरोबर निघत आणि नोंदवहीत शेजारी-शेजारी उभी राहत. एका ओळीत गावाचे नाव विद्रूप झालेले असेल तर शेजारच्या ओळीत ते जरा बरे लिहिलेले असते. उंची, अंगावरची खूण, छायाचित्र, मळ्याचे नाव, या सगळ्यांचा मेळ घालत माणूस ओळखायचा. म्हणजे नोंद शोधायची ती त्या माणसाच्या आजूबाजूने.

आणि जिथे कागद अगदीच मुका होतो तिथे काही वेळा दुसरेच कुणी बोलते. मॉरिशसच्या मराठी मंडळींत गणेशोत्सव घरोघर होतो. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत ते एक नाच करतात, त्याला ‘झाकरी’ म्हणतात. रत्नागिरीकडे गणपतीत गोल धरून नाचल्या जाणाऱ्या जाखडीशी त्याचे नाते उघड आहे. कुठल्याही कारकुनाने ‘या जहाजातून एक नाच उतरला’ असे लिहिले नव्हते. तरी तो उतरला आणि राहिला. वहीने ‘बोंबाय’ एवढेच सांगितले. पायांनी कोकण सांगितले. अर्थात, जाखडी नाचून कुणाला कार्ड मिळत नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने तिला पुरावा मानायला हरकत नसावी.

आतापर्यंत आपण ज्या नोंदींविषयी बोललो त्या चुकलेल्या किंवा लपलेल्या होत्या. नोंद मुळापासून नाहीशी झाली तर काय होते, याचे उदाहरण इंग्लंडने अलीकडेच दिले. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज वेस्ट इंडीजमधल्या शेकडो लोकांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदरात आले. महायुद्धानंतरच्या इंग्लंडला कामकऱ्यांची गरज होती. पुढे राष्ट्रकुलातून अशी पुष्कळ माणसे आली, स्थिरावली. अनेकजण तर आईबापांच्या पारपत्रावर लहान मुले म्हणून आली. १ जानेवारी १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांना तिथे राहण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता. मात्र तो हक्क सांगणारा कागद कुणाला दिला नव्हता. चार दशकांनंतर सरकारचे धोरण कडक झाले. नोकरी, भाड्याचे घर, दवाखाना, सगळीकडे कागद मागितले जाऊ लागले आणि म्हाताऱ्या माणसांना ‘तुम्ही कधी आलात ते दाखवा’ असे विचारले गेले. त्या जुन्या लोकांच्या आगमनाच्या चिठ्ठ्या सरकारजवळ होत्या. पण कार्यालय हलवताना २०१० मध्ये त्या नष्ट केल्या गेल्या होत्या. २०१८ मध्ये हे उघडकीस आले. त्या चिठ्ठ्या आगमनाचा पुरावा होत्या, सततच्या वास्तव्याचा नव्हे, असा खुलासा सरकारी बाजूने झाला. असेलही. पण कधी आलात असे विचारणाऱ्याने त्याचे एक उत्तर स्वतःच फाडून टाकले होते, हे उरतेच. तोपर्यंत कुणाची नोकरी गेली होती, कुणाचे उपचार थांबले होते आणि ऐंशीहून अधिक जणांना देशाबाहेर काढले गेले होते. त्याच वर्षी गृहमंत्री अँबर रड यांना पद सोडावे लागले.

याच्या नेमके उलट उदाहरण आमच्या विदर्भाचे आहे. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीत होते. अमेरिका, इराण अशी भटकंती करून ते अखेर मेक्सिकोत गेले आणि तिथे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले; मक्याच्या वाणांवर त्यांनी मोलाचे काम केले आणि चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परतायचे ठरवले, तर त्यांचा अर्ज आधी नाकारला गेला. कारण काय, तर इंग्रज सरकारने त्यांच्यावर घातलेली बंदी. इंग्रज गेले, बंदीची नोंद राहिली. ज्या गुन्ह्यासाठी ती होती तो गुन्हा म्हणजे याच देशाच्या स्वातंत्र्याचा प्रयत्न. पुढे तो निर्णय बदलला आणि खानखोजे मायदेशी आले. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

ही उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते. नोंद जपण्याचा आणि हरवण्याचा काही एक कल असतो. माणसाला अडवणारी ओळ सत्तांतरातूनही सहीसलामत पुढच्या टेबलावर पोहोचते. माणसाला हक्क देणारी ओळ मात्र ओलाव्याने जाते, वाळवीने जाते, कार्यालय हलवताना जाते, आणि उरली तर नाव चुकल्यामुळे सापडत नाही. यात कुणा एकाचे कारस्थान असते असे आमचे म्हणणे नाही. वही ज्याच्या कामासाठी लिहिली जाते त्याच्या कामाचे तेवढे ती नीट जपते, एवढेच. मळेवाल्याला मजूर पळाला की नाही ते कळायला हवे होते. मजुराच्या पणतीला पुढे आपले गाव शोधावे लागेल, ही त्याची काळजी नव्हती.

म्हणून आम्हाला असे वाटते की ‘नोंद आढळून येत नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने त्याला कर्ता जोडावा. मी अमुक वह्या, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, अमुक-अमुक नावांनी पाहिल्या आणि मला नोंद आढळली नाही, असे लिहावे. मग पुढच्या माणसाला कुठे पाहायचे राहिले ते तरी कळेल. आणि नोंद ठेवण्याचे काम ज्याचे, ती हरवल्याचा भारही त्यानेच काही अंशी उचलावा. वर्षानुवर्षे एका ठिकाणी राहिलेल्या, कष्ट केलेल्या माणसाच्या बाबतीत वहीतल्या रिकाम्या जागेचा अर्थ त्याच्या विरुद्ध लावणे हा न्याय नव्हे. यावर कुणी म्हणेल की असे केले तर खोटे दावे वाढतील. ते वाढतात, हे आम्ही नाकारत नाही. बनावट नकलांची प्रकरणे आमच्याही भागात ऐकू येतात. पण खोटा दावा करणारा माणूस सहसा फार नीटनेटका कागद घेऊन येतो. कागद नसतो तो बहुधा खऱ्याजवळ.

आता तुळशीरामांचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. मॉरिशसच्या रीतीने आम्ही नाव सोडून दिले आणि आजूबाजूने शोधायचे ठरवले. मुलीच्या आजीकडून घरातल्या मृत्यूंचा क्रम विचारून घेतला. पणजोबांची पहिली बायको पटकीच्या साथीत गेली, हे तिला सासूच्या तोंडून ऐकून ठाऊक होते. साल ठाऊक नव्हते, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली म्हणून त्या घरात बरीच वर्षे पोळा झाला नाही, हे पक्के ठाऊक होते. आम्ही साथीच्या वर्षांतली श्रावण-भाद्रपदाची पाने पाहत गेलो. एका पानावर पंधरा दिवसांत अकरा मृत्यू होते. त्यांतली सातवी ओळ अशी होती की तुळश्याची बायको मेली. पुढे जात, वय अंदाजे, कारण पटकी. त्या बाईचे नाव कोतवालाने सांगितले नव्हते, किंवा लिहिणाऱ्याने विचारले नव्हते. पण तिच्या मरणाच्या ओळीने तिच्या नवऱ्याच्या पणतीचे काम झाले. ‘तुळश्या’ हातात आल्यावर मुलाच्या जन्माची ओळही दोन वर्षे अलीकडे सापडली : तुळश्यास मुलगा झाला. मुलाचे नाव अर्थात नाही. बारशाआधीच वर्दी जात असे.

मुलीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. नकलेचा कागद दाखवायला ती आली तेव्हा आजी बरोबर होती. आजीला वाचता येत नाही. ती ओळ आम्ही तिला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिने विचारले, “अन् तिचं नाव?” आम्ही सांगितले, वहीत नाही. ती म्हणाली, “रखमा होतं. लिहून घ्या.”

आम्ही नकलेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घेतले. पेन्सिलीने, कारण खऱ्या नकलेवर शाईने काही लिहिता येत नाही.